बुधवारची विनंती

“आणखी कुणाची विनंती?” पाळकीणबाईंनी मांडीवरची वही सरळ करत विचारलं.

बुधवारची महिला प्रार्थनासभा होती. दुपारचे साडेचार, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या घराची ओसरी, सतरंजीवर आम्ही चौदाजणी. राहेलआजींचा गुडघा लिहून झाला होता, सोनवण्यांच्या सुनेचं बाळंतपण लिहून झालं होतं, कुणाच्या तरी भावाचा दुबईचा व्हिसाही. आमच्यात पद्धत अशी की आधी सगळ्या विनंत्या वहीत उतरवायच्या, मग डोळे मिटायचे आणि एकेकीनं एकेक विनंती वाटून घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायची.

मी हात वर केला.

“बोल गं रूथ. तुझ्या त्या खोलीसाठी करायची का प्रार्थना? पेशंट येऊ देत म्हणून?” पाळकीणबाई म्हणाल्या आणि दोघी-तिघी हसल्या.

“खोलीसाठी नको, बाई. एका भावासाठी करा,” मी म्हटलं. “नाव सांगणार नाही, तो आमच्या कामाचा नियम आहे. पुढे उभा राहून मंडळीला प्रार्थनेत नेणारा भाऊ आहे. पण गेले सात महिने त्याला स्वतःला प्रार्थना येत नाही. डोळे मिटतो, ओठ हलवतो, आत काही नाही. फार अंधारात आहे तो.”

ओसरी एकदम गप्प झाली. अशी शांतता माझ्या बोलण्यानं त्या ओसरीवर त्याआधी कधी पडली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

माझी विनंती राहेलआजींच्या वाट्याला आली. आजींचा आवाज खणखणीत. “देवबापा,” त्या म्हणाल्या, “आमच्या त्या गाणाऱ्या लेकराकडं बघ. सोन्यासारखा गळा दिलास त्याला, आता त्याचं मन बी सांभाळ रे बाबा.”

गाण्याचं तर मी अवाक्षर काढलं नव्हतं. मी एक डोळा उघडला. समोर पाळकीणबाईंचाही एक डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मी अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्याहून मानसशास्त्रात एम.ए. करून, वर समुपदेशनाचा कोर्स करून नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मिशन दवाखान्यात रुजू झाले होते. मला जी खोली मिळाली तिथे आधी चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवत. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावली, तरी बाया डोकावून विचारायच्या, “इथं सोनोग्राफी करतात का?” मी न चिडता आत बोलवायची, पाणी द्यायची, आणि त्यांतल्या निम्म्या तरी तासभर बोलून, डोळे पुसून जायच्या. काम मला येत होतं. देवानं ते मला दिलंय याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. ख्रिस्ती पेशंट असला तर विचारायचे, प्रार्थना करून सुरू करू या का? दुसरा कुणी असला तर मनातल्या मनात करायचे आणि कामाला लागायचे.

मंडळीचा मात्र माझ्यावर भरवसा नव्हता. प्रभू येशू असताना समुपदेशक कशाला, असं लोक तोंडावर म्हणत. दवाखान्याच्या कमिटीत तर ती खोली दातांच्या डॉक्टरला द्यायचं घाटत होतं.

आणि अशात एका मंगळवारी आसाफ लोंढे माझ्या दारात येऊन उभे राहिले.

आसाफभाऊ म्हणजे दवाखान्याचे कंपाउंडर. औषधांच्या खिडकीत वीस वर्षं बसलेले, मंडळीच्या पंचांपैकी एक, आणि रविवारी पेटीवर बसून अख्ख्या उपासनेची गाणी चालवणारे. चव्वेचाळीस वर्षांचा धिप्पाड माणूस, पण माझ्या खुर्चीत बसल्यावर हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. पहिल्या दिवशी हवापाण्याचंच बोलले. दुसऱ्या खेपेला दार नीट लागलंय का ते दोनदा बघितलं आणि मग सांगितलं. सात महिने झाले, प्रार्थना येत नाही. जेवणाला चव नाही, झोप नाही, गाणं तोंडातून निघतं पण कानाला ऐकू येत नाही. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

“आणि ताई, आताशा वाटतं,” ते म्हणाले, “सकाळी डोळे उघडूच नयेत. बरं होईल सगळ्यांचं.”

त्यांच्या ताब्यात औषधांचं कपाट होतं. मी सरळ विचारलं, “भाऊ, जीव द्यायचा विचार मनात येतो का?”

“येतो आणि जातो,” ते म्हणाले. “करणार नाही काही. पण हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये.”

मी शब्द दिला. जीवाला धोका वाटला तरच डॉक्टरांशी बोलेन, तेही तुम्हाला सांगून, एवढं सांगितलं. सोमवारी नगरहून मानसोपचाराचे डॉक्टर येत, त्यांना भेटायला ते तयार होत नव्हते, “बघू” म्हणाले. तो दुसरा मंगळवार होता. आणि बुधवारी मी ओसरीवर हात वर केला.

हेमावहिनी, म्हणजे आसाफभाऊंच्या पत्नी, त्या दिवशी शाळेत परीक्षा असल्यानं सभेला आल्या नव्हत्या. म्हणूनच मी बोलले. नाव घेतलं नाही, बायको समोर नाही, मग बिघडलं कुठे? असा माझा हिशेब. पण साठ घरांच्या मंडळीत ‘पुढे उभा राहणारा भाऊ’ म्हटल्यावर नावं उरतात किती? एक पाळकसाहेब आणि एक आसाफ लोंढे. पाळकसाहेबांना प्रार्थना येत नाही हे कुणाला पटणार नव्हतं, ते तर जेवणापूर्वीची प्रार्थनासुद्धा भात गार होईपर्यंत करायचे.

गुरुवारी सकाळी नऊला मी कुलूप उघडत होते, तर हेमावहिनी मागे उभ्या. शाळेत जायच्या साडीत, हातात डबा.

“सलाम, रूथताई.”

“सलाम, वहिनी. या ना.”

“बसत नाही. तो भाऊ कोण, हे मी तुम्हाला विचारणार नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त सांगायला आले. काल संध्याकाळी आमच्याकडे पाळकसाहेब आले होते, दोन पंचांना घेऊन. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवले, अर्धा तास प्रार्थना केली. मग म्हणाले, आसाफ, थोडे दिवस विश्रांती घे, रविवारचं दुसरं कुणीतरी बघेल.”

“आणि भाऊ?”

“खांबासारखे उभे होते. शेवटी एवढंच विचारलं, ‘तुम्हाला कुणी सांगितलं?’ पाळकसाहेब म्हणाले, ‘परमेश्वरानं.’”

मला त्या क्षणी हसू आलं असतं, इतर कुणाची गोष्ट असती तर.

“आज सकाळी ते स्वतःची पेटी पाळकसाहेबांच्या घरी पोचवून आले,” वहिनी म्हणाल्या. “वडिलांची पेटी. म्हणाले, आता मला लागणार नाही.”

जीव देण्याच्या वाटेवरची माणसं आपल्या जिवाभावाच्या वस्तू देऊन टाकायला लागतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आता ते माझ्या दारात उभं होतं आणि ते घडवणारी मी होते.

“वहिनी, आज त्यांना एकटं सोडू नका.”

“मी शाळेत अर्धी रजा टाकलीय,” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला दोष देतील म्हणून मी वाट बघत होते, पण त्या डबा सावरून निघून गेल्या.

मी तडक मेट्रनबाईंकडे गेले. सगुणाबाई वाघचौरे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या, दवाखान्यातले सर्जनसुद्धा ज्यांना विचारून चहा पीत. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला.

“नाव सांगू नकोस. कालपासून सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“बाई, औषधांच्या कपाटाची किल्ली...”

“माझ्याकडे आहे. आठ वाजताच घेतली, स्टॉक तपासायचाय म्हणून. खिडकीत त्याच्या शेजारी सिस्टर मंगलला बसवलंय. सोमवारच्या डॉक्टरांना फोनही झाला. तू काय करणार आहेस?”

“रविवारी प्रभूभोजन आहे,” मी म्हटलं. येताना वाटेत मी ते ठरवूनच टाकलं होतं. “भाऊबंदाचं मन दुखावलं असेल तर आधी समेट करून मग भाकर घ्यायची, असंच आहे ना शास्त्रात? मी मंडळीपुढे उभी राहीन आणि कबूल करीन. माझ्या तोंडून पाप झालं, मी दिलेला शब्द मोडला.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढला.

“म्हणजे ज्या दहा जणांना कळायचं राहिलंय, त्यांनाही कळेल.”

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“रडशील, सगळ्या बायका तुला मिठ्या मारतील, पाळक म्हणेल, बघा आपली बहीण किती नम्र. तू मोकळी. आणि आसाफ? तो तिथेच बाकावर बसलेला असेल ना गं?”

“मग काय करू?”

“ज्याचं बिघडवलंस त्याच्याकडे जा. त्यानं तोंड फिरवलं तर उभी राहा. तुला चांगलं उभं राहता येतं, ओसरीवर नाही का राहिलीस?” त्या म्हणाल्या आणि वॉर्डात निघून गेल्या. बाई अशाच. औषध लावायच्या ते चोळून लावायच्या.

औषधांच्या खिडकीला लोखंडी जाळी होती आणि खाली हात जाईल एवढी फट. बाहेर ओपीडीची रांग. मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे खोकल्याचे दोन म्हातारे आणि कानाला बोळा लावलेली एक पोरगी होती. नंबर आला.

“चिठ्ठी?” आसाफभाऊंनी मान वर न करता विचारलं.

“चिठ्ठी नाही, भाऊ.”

“मग पुढच्याला येऊ द्या.”

मी बाजूला झाले आणि पुन्हा रांगेच्या टोकाला गेले. दुसऱ्यांदा नंबर आल्यावर त्यांनी ‘चिठ्ठी’ही म्हटलं नाही, नुसतं माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं. शुक्रवारीही तेच. मी दोन दिवसांत सात वेळा त्या रांगेत उभी राहिले. पेशंट आपसांत बोलू लागले की या बाईला काहीतरी मोठा आजार दिसतो, औषध मिळेना बिचारीला.

शनिवारी दवाखाना एक वाजता बंद व्हायचा. पाऊण वाजता रांग संपली. सिस्टर मंगल आत बाटल्या लावत होती. माझ्याकडे बघून तिनं बाटल्यांचा खोका उचलला आणि पार मागच्या कोपऱ्यात नेऊन लावायला घेतला.

“तुम्ही नाव घेतलं नव्हतं,” आसाफभाऊ अचानक बोलले. “मला कळलंय. पाळकीणबाईच सांगत होत्या, रूथनं बिचारीनं नाव नाही घेतलं.”

“घेतल्यासारखंच होतं ते, भाऊ. माझं चुकलं.”

“का सांगितलंत?”

“तुमच्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तीन दिवसांत माणूस उतरला होता. गाल बसले होते, दाढी वाढली होती.

“ती तुम्हाला एकटीला येत नव्हती का?”

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. दोघे-तिघे माझ्या नावानं जमतात तिथे मी आहे, असं प्रभूचं वचन आहे. ते वचन जिभेवर आलं होतं. पण जाळीपलीकडचा तो चेहरा बघून मला ते म्हणवेना. आणि मग मी जे बोलले ते बुधवारपासून मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“येत होती,” मी म्हटलं. “भाऊ, मला त्या बायकांना दाखवायचं होतं. त्या माझ्या खोलीला हसतात. मला दाखवायचं होतं की बघा, माझ्या खुर्चीत कोण येऊन बसतं. तुमची मंडळी चालवणारा माणूस माझ्याकडे येतो. प्रार्थनेचं निमित्त होतं. मी फुशारकी मारली, तुमच्या दुःखावर.”

हे बोलताना मला लाज वाटली, इतकी की जाळीची तार घट्ट धरून ठेवावी लागली. कोर्समध्ये असं शिकवलेलं नसतं. पेशंटपुढे आपलं रडगाणं गाऊ नये, हेच शिकवलेलं असतं. पण हे रडगाणं नव्हतं. त्यांचं मी घेतलेलं होतं आणि ते त्यांना परत द्यायचं होतं.

आसाफभाऊंनी काउंटरवरचं गोळ्यांचं पाकीट बाजूला सरकवलं.

“पाळकसाहेबांनी परमेश्वरावर ढकललं,” ते म्हणाले. “तुम्ही निदान स्वतःवर घेतलंत.”

त्यांनी खिडकीची फळी ओढून लावली. मला वाटलं, संपलं. इथून पुढे मी फक्त मेट्रनबाईंच्या पहाऱ्यावर विसंबून राहायचं आणि सोमवारची वाट बघायची. मी वळून दहा पावलं गेले असेन, तर मागून बाजूचं दार वाजलं. ते बाहेर उभे होते.

“आत्ता बसता येईल का?” त्यांनी विचारलं. “आणि हेमाला बोलवा. माझ्यानं दोनदा सांगणं होणार नाही.”

शाळा दवाखान्याच्या कुंपणाला लागूनच. वहिनी पाच मिनिटांत आल्या, हाताला खडू तसाच. मी दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः स्टुलावर बसले. मी प्रार्थना करू या का असं विचारलं नाही. त्या दिवशी ते विचारायचा मला हक्क नव्हता.

“हेमा,” भाऊ म्हणाले, “मला प्रार्थना येत नाही. सात महिने झाले. तू शेजारी बसतेस, तुला वाटतं मी करतोय. मी नुसता बसलेला असतो.”

“ठाऊक आहे मला,” वहिनी म्हणाल्या.

“परवा कळलं ना.”

“परवा नाही. नाताळच्या आधीपासून ठाऊक आहे. अहो, वीस वर्षं तुमच्या शेजारी बसतेय. तुमचा श्वास बदललेला कळत नाही का मला? तेव्हापासून मी माझी झाली की तुमच्या वाट्याची करते. तुमच्या आवाजात. म्हणजे तुम्ही जशी कराल तशी, तुमच्याच शब्दांत. त्याशिवाय मला झोप लागत नाही.”

भाऊंनी तोंड दोन्ही हातांत घेतलं. एवढा मोठा माणूस, पण रडताना आवाज अगदी बारीक येत होता. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलं नाही. खुर्ची मात्र अशी सरकवली की गुडघ्याला गुडघा लागला.

“आणखी एक आहे,” ते बोटांच्या आडून म्हणाले. “मला जगावंसं वाटत नाही गं. कपाटापुढे उभा राहून विचार केलाय मी. एकदा नाही.”

हे मात्र वहिनींना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेव्हा मला माझं काम पुन्हा सापडलं. समुपदेशकानं कधी गप्प बसायचं आणि कधी बोलायचं, हे मला येत होतं, ते तीन दिवसांपूर्वी मी विसरले होते एवढंच.

“भाऊ, हा आजार आहे,” मी म्हटलं. “विश्वास कमी पडला म्हणून झालेला नाही, आणि कुणी डोक्यावर हात ठेवून तासाभरात जाणारा नाही. याला औषध आहे, तुम्ही स्वतः ते वीस वर्षं लोकांना देताय. सोमवारी डॉक्टर येतात. तोपर्यंत कपाटाची किल्ली मेट्रनबाईंकडे राहील, घरातल्या सगळ्या गोळ्या वहिनी आज त्यांच्याकडे पोचवतील. आणि तुम्ही एक मिनिटही एकटे राहायचं नाही. कबूल?”

त्यांनी बायकोकडे बघितलं.

“कबूल,” ते तिला म्हणाले.

सोमवारी ते डॉक्टरांपुढे बसले. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या तीन आठवड्यांत काही फरक पडला नाही, चौथ्यात त्यांना कारल्याची भाजी कडू लागली म्हणून ते चिडले आणि हेमावहिनी मला ते सांगायला धावत आल्या. दर मंगळवारी साडेतीनला ते माझ्याकडे येत. काय बोलत ते मी इथेही सांगणार नाही. आठ महिन्यांनी एका रविवारी ते पुन्हा आपल्या पेटीवर गाणी चालवायला बसले. आवाज किंचित बसला होता, पण दुसऱ्या कडव्याला सगळी मंडळी त्यांच्यामागून गात होती, आणि मी गायचं सोडून ऐकत राहिले.

पुढच्या बुधवारी ओसरीवर पाळकीणबाईंनी जुनी वही काढली. पानं मागे उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं.

“रूथ, हा बघ, तुझा तो भाऊ. काय झालं गं त्याचं पुढे?”

हेमावहिनी त्या दिवशीही शाळेत होत्या; बाकीच्या तेराजणी माझ्याकडे बघायला लागल्या. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांना फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

“कुठला भाऊ, बाई?” मी विचारलं.

“आता गं! तूच नाही का लिहायला सांगितलंस?”

“मला नाही काही आठवत.”

पाळकीणबाईंनी माझ्याकडे जराशा कीवेनं बघितलं आणि मग बाकीच्यांकडे वळल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

“तिला नाही आठवत, पण प्रभूला आठवतं. बघा बायांनो, आपण इथे बसून मागितलं आणि त्यानं ऐकलं. ना कुठलं समुपदेशन, ना डॉक्टर, ना गोळी. निव्वळ आपल्या प्रार्थनेनं उठून उभा राहिला आपला भाऊ. मी तर कमिटीतही हेच सांगणार आहे, असल्या खोल्या लागतात कशाला?”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. औषधांची नावं, तेहतीस मंगळवार, कपाटाची किल्ली, सगळं. ते बोलले असते तर माझी खोली वाचली असती आणि ओसरी पुन्हा एकदा गप्प झाली असती.

मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, “आमेन.”